बायबलच्या हिब्रूत 'खाणे': उतारा कसा वाचायचा

हिब्रू बायबलात फक्त माणसे आणि जनावरेच खात नाहीत. तलवार खाते, आग खाते, जमीन खाते, दिवसाचे ऊनही खाते. दाविदाचा बंडखोर मुलगा अबशालोम याच्या लढाईत तलवारीने खाल्ले त्याहून जास्त लोक रानाने खाल्ले, असे २ शमुवेल १८:८ सरळ सांगते. या सगळ्यांना क्रियापद एकच: आखाल. मुळाक्षरे आलेफ, काफ, लामेद. संपूर्ण हिब्रू बायबलात ते सुमारे ८०० वेळा येते.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्याकडे पैसे खातात, मार खातात, भाव खातात, लोखंडाला गंज खातो आणि कपाटातल्या शालूला कसर खाते. उत्पत्ती ३१:१५ मध्ये राहेल आणि लेआ बापाबद्दल म्हणतात की त्याने आमचे पैसे खाऊन टाकले, आणि ईयोब १३:२८ मध्ये कपड्याला कसर खाते. अडचण वेगळीच आहे. मराठी भाषांतरांत अशा जागी बहुधा 'भस्म करणे', 'ग्रासणे', 'नाश करणे' असे भारदस्त शब्द येतात. प्रत्येक शब्द आपल्या जागी चुकीचा नसतो, पण आठ ठिकाणचे एकच क्रियापद आठ वेगळ्या शब्दांत विखुरले की लेखकाने गुंफलेला धागा हातून सुटतो. तो परत पकडण्याची ही पद्धत आहे. तिला हिब्रू बोलता येण्याची गरज नाही. अक्षरे ओळखता आली तर उत्तम, नाही आली तरी अडत नाही.

उच्चाराबद्दल एकच सूचना. इथे 'ख' म्हणजे घशातून घासत येणारा ख. भाकरीसाठीच्या 'लेहेम'मधला आणि तलवारीसाठीच्या 'हेरेव'मधला 'ह' आपल्या ह-पेक्षा खोल असतो.

काय जवळ घ्यायचे

एक मराठी बायबल, शक्य असेल तर दोन. बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' बहुतेकांकडे असते. त्याच्या जोडीला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलेले, १९२४ साली छापून निघालेले भाषांतर मिळाले तर जरूर घ्या; साध्या मराठीचा आग्रह धरून ते मूळ भाषांवरून केलेले आहे. दोन्हींत शब्द वेगळे पडले की तिथे थांबून मूळ पाहायचे, हा सोपा इशारा.

तिसरी वस्तू म्हणजे शब्दागणिक क्रमांक दिलेला हिब्रू पाठ. इंटरनेटवर तो फुकट मिळतो. स्ट्राँगच्या, म्हणजे बायबलातल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या कोशाच्या, क्रमांकांत आखाल हे क्रियापद ३९८ वर आहे. पण फक्त ३९८ शोधलेत तर अर्धे काम निसटते. ओखेल (अन्न) ४०० वर आहे, ओख्ला (खाण्यासाठीची वस्तू) ४०२ वर, मआखाल (खाद्य) ३९७८ वर, मआखेलेत (सुरी) ३९७९ वर. ३९९ हे अरामी या हिब्रूच्या जवळच्या भाषेतले भावंड. दानीएलाच्या पुस्तकासाठी ते लागते. ४०१ मात्र सोडून द्या, ते नीतिसूत्रे ३०:१ मधले एक नाव आहे.

सगळे क्रमांक घेतल्याने काय साधते ते शमशोनाच्या कोड्यात दिसते (शास्ते १४:१४): खाणाऱ्यातून खाद्य निघाले. 'हाओखेल' हे क्रियापदाचे रूप आहे आणि 'मआखाल' हे नाम. कोड्याची सारी मजा या दोन शब्दांचे मूळ एकच असण्यात आहे. एकच क्रमांक शोधणाऱ्याला कोड्याचा निम्मा भागच सापडतो.

वही कशी आखायची

सुरुवातीला सगळी ८०० ठिकाणे काढायला बसू नका. एक अध्याय घ्या. पानावर सहा रकाने पाडा: संदर्भ, कोण खातो, काय खातो, कुठे किंवा कोणासमोर, क्रियापदाचे रूप, आणि मराठीत कोणता शब्द आला. सहावा रकाना लोकांना फालतू वाटतो, पण भाषांतराने कुठे धागा तोडला हे त्याच्यावरूनच कळते. 'प्रतीक' किंवा 'अर्थ' असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो आधी भरला की बाकीचे पाच त्याला जुळवून घेतले जातात.

१ राजे १३ हा पहिल्या सरावासाठी फार चांगला अध्याय आहे. यहूदातून आलेला देवाचा माणूस बेथेलच्या वेदीविरुद्ध बोलतो. राजा यराबाम त्याला घरी बोलावतो (७ वे वचन), पण राजाच्या तोंडी आखाल नाही. तिथे 'साआद' आहे, म्हणजे आधार देणे. आपण पोटाला आधार म्हणतो तसे, पाहुण्याला आग्रह करण्याचा शब्द. देवाचा माणूस उत्तर देताना मात्र थेट म्हणतो: 'लो ओखाल लेहेम', मी भाकर खाणार नाही, पाणी पिणार नाही (८). मग ९ व्या वचनात देवाचा हुकूम त्याच शब्दांत येतो. पुढे म्हातारा संदेष्टा वाटेत गाठून 'चल, भाकर खा' म्हणतो (१५), हा नकार देतो (१६, १७), म्हातारा खोटे बोलतो (१८), आणि हा त्याच्या घरी खातो (१९). शापाच्या वाक्यात क्रियापद दोनदा आहे (२२). जेवण उरकल्याचा उल्लेख २३ मध्ये. वाटेत सिंह त्याला मारतो.

आता वहीतली शेवटची ओळ, २८ वे वचन. प्रेत रस्त्यावर पडले आहे, शेजारी गाढव उभे आहे, सिंहही उभा आहे, आणि 'लो आखाल हाआर्ये': सिंहाने प्रेत खाल्ले नाही. या अध्यायात क्रियापद ११ वेळा येते, आणि अकराव्या वेळी खाण्याला नाही म्हणणारा सिंह आहे. माणसाला जे पाळता आले नाही ते जनावराने पाळले, हे लेखक कुठेही बोलून दाखवत नाही. कर्त्याचा रकाना वरून खाली वाचत गेले की ते आपोआप दिसते. सहाव्या रकान्यात १५ ते २३ मध्ये कुठे 'जेवणे' आणि कुठे 'खाणे' आले असेल, तर हा सिंह मराठीत त्या रांगेत बसतच नाही.

क्रियापदाच्या पुढचा-मागचा छोटा शब्द

खाण्याचा अर्थ बरेचदा शब्दयोगी उपसर्गात दडलेला असतो. चार पुरेसे आहेत.

'मिन' म्हणजे 'मधून'. एदेन बागेत झाडांचे फळ 'मधून' खातात. पण माणसातूनही खाता येते: २ शमुवेल १९:४२ मध्ये यहूदाचे लोक चिडून विचारतात, राजाचे आम्ही काही खाल्ले आहे का? अन्नाशी त्याचा संबंध नाही, लाभ उपटल्याच्या आरोपाला दिलेले ते उत्तर आहे. आपल्याकडेही ते वाक्य जसेच्या तसे चालेल.

'बे' म्हणजे 'त्यात'. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, नियमांत (निर्गम १२:४३–४५) परक्याने 'लो योखाल बो', म्हणजे त्यात खायचे नाही. इथे घास तोंडात घालण्यापेक्षा त्या जेवणात वाटा असण्याला मनाई आहे. सुंता झालेला विकत घेतलेला दास खाऊ शकतो, मजुरीवरचा परका नाही. घराचा कोण आणि घराबाहेरचा कोण, हे खाण्यावरून ठरते.

'लिफ्ने' म्हणजे 'समोर'. अनुवाद १२ आणि १४ मध्ये 'परमेश्वरासमोर खा' असे पुन्हा पुन्हा येते. १४:२४–२६ तर अगदी व्यवहारी आहे: दशांश (देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) वाहून नेण्याइतकी वाट जवळची नसेल तर विकून रुपे करा, गाठोड्यात बांधा, पवित्र ठिकाणी जाऊन मनाला येईल ते घ्या, बैल, मेंढरे, द्राक्षारस, मद्यसुद्धा, आणि घरच्यांसह तिथे खाऊन आनंद करा. धर्मकृत्य म्हणजे उपास, ही समजूत घेऊन आलेला वाचक इथे अडखळतो.

'अल' म्हणजे 'वर'. लेवीय १९:२६ आणि १ शमुवेल १४:३२–३३ मध्ये 'रक्तावर खाणे' हा दोष आहे. मराठीत ते 'रक्तासकट' होते. शौल राजाने लगेच मोठा धोंडा आणवून त्यावर जनावरे कापायला लावली, त्यावरून दोष कशाचा ते कळते: जमिनीवरच कापून रक्त नीट निथळू न देता खाणे. लेवीय १७:११ प्रमाणे प्राण रक्तात असतो.

रूप बदलले की बाजू बदलते

साधे रूप 'खाल्ले', कर्मणी रूप 'खाल्ले गेले', प्रयोजक रूप 'खायला घातले'. एवढे तीन ओळखले तरी पुष्कळ झाले.

यशया १:१९–२० हा याचा नमुना. राजी होऊन ऐकाल तर देशाचे उत्तम 'तोखेलू', खाल. नाकारून बंड कराल तर 'हेरेव तेउक्केलू', तलवारीकडून खाल्ले जाल. दोन वाक्ये, मूळ एक, फक्त खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची अदलाबदल. मराठीत दुसऱ्या वाक्यात 'तलवारीने नाश होईल' आले की वचन नुसती धमकी होऊन बसते. मुळात ते ताटाच्या कोणत्या बाजूला बसायचे याची निवड आहे.

तलवारीला खाता येते कारण हिब्रूत तिच्या धारेला तोंड म्हणतात. 'लेफी हेरेव', तलवारीच्या तोंडाने. शास्ते ३:१६ मध्ये एहूदच्या तलवारीला दोन तोंडे आहेत, आणि तो ती लठ्ठ एग्लोनाच्या पोटात घालतो. मआखेलेत ही सुरी याच मुळातली. उत्पत्ती २२:६ आणि १० मध्ये अब्राहाम तीच हातात घेतो. नीतिसूत्रे २३:२ मध्ये खादाडाच्या गळ्याला लावायची सुरी वेगळी आहे, सक्कीन. तिचा आखालशी संबंध नाही.

आगीकडे वळा. अनुवाद ४:२४ मध्ये देव 'एश ओखेला', खाणारी आग आहे. लेवीय ९:२४ मध्ये आग निघून होमबली खाते, १ राजे १८:३८ मध्ये आग पडून बळी, लाकडे, दगड आणि माती खाते. हे डोक्यात ठेवून निर्गम ३:२ वाचा. झुडूप आगीने पेटले आहे, पण 'एनेन्नू उक्काल', खाल्ले गेलेले नाही. इथेही कर्मणी रूप आहे. मोशे ज्या चमत्काराकडे वळून पाहतो तो हाच: आग आहे आणि तिने खाल्लेले नाही.

प्रयोजक रूप अनुवाद ८:३ मध्ये सापडते: देवाने तुला उपाशी ठेवले आणि मान्ना (रानात मिळालेले अन्न) खायला घातला. भूक आणि घास दोन्ही एकाच हातून आली, हे वाक्यातच आहे. 'मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही' हे शब्द तिथूनच सुटे काढून वापरले जातात. आधीचे अर्धे वचन सोबत ठेवा.

बागेचा अध्याय

उत्पत्ती २ आणि ३ एकत्र घ्या. पहिल्या वाचनात २:१६ ते ३:२२ पुरे. २:१६ मध्ये 'आखोल तोखेल', क्रियापद दुहेरी, म्हणजे खुशाल खा. पुढच्याच वचनात 'मोत तामूत', तीच घडण, म्हणजे नक्की मरशील. परवानगी आणि शिक्षा दोन्ही सारख्याच जोराने सांगितल्या आहेत. ३:२ मध्ये बाई सर्पाला उत्तर देते तेव्हा 'प्रत्येक' हा शब्दही गळला आहे आणि दुहेरी क्रियापदही. उरले नुसते 'नोखेल', आम्ही खातो. वर 'शिवायचेही नाही' ही तिची भर. भाषांतरात हा फरक जवळजवळ ऐकू येत नाही.

मग शिक्षा. सर्प धूळ खाईल (१४). माणसाच्या वाट्याचे १७ वे वचन एकटेच क्रियापद ३ वेळा वापरते: झाडाचे खाल्लेस, खाऊ नको म्हटले होते, आता कष्टाने 'तोखालेन्ना', तिला खाशील. 'तिला' म्हणजे भूमीला. मराठीत इथे 'तिचा उपज' असे सावरून घेतात, अर्थ तोच, पण मुळात कर्म भूमी आहे. १८ मध्ये शेतातली वनस्पती, १९ मध्ये घाम गाळून भाकर, आणि मग तो त्याच मातीत परत. गणना १३:३२ मधले हेर 'आपल्या रहिवाशांना खाणारा देश' असे म्हणतात तेव्हा हे नाते उलटे फिरलेले दिसते. लेवीय २६:३८ मध्ये शत्रूंचा देश तुम्हाला खाईल.

कोणासोबत, आणि कोण खात नाही

करार झाला की जेवण होते. इसहाक आणि अबीमलेख (उत्पत्ती २६:३०), याकोब आणि लाबान दगडांच्या राशीपाशी (३१:४६, ५४). यहोशवा ९:१४ मध्ये इस्राएलांनी गिबोनकरांच्या शिदोरीतले घेतले आणि परमेश्वराला विचारले नाही. पुढच्या वचनात तह झालेला असतो. निर्गम २४:११ मध्ये वडीलजन देवाला पाहतात आणि खातात-पितात. ३२:६ मध्ये सोन्याच्या वासरापुढेही खातात-पितात. क्रियापदांची जोडी तीच, म्हणून ही दोन पाने शेजारी ठेवून वाचावीत.

पण एकत्र जेवण म्हणजे प्रेमच असे धरू नका. शौलाचा नातू मफीबोशेथ दावीद राजाच्या मेजावर 'नेहमी' भाकर खातो (२ शमुवेल ९). मान आहेच, शिवाय शौलाचा वारस रोज नजरेसमोर राहतो. यहूदाचा पदच्युत राजा यहोयाखीन बाबेलच्या राजासमोर आयुष्यभर खातो (२ राजे २५:२९), तेही कैदेतून सुटून परमुलखातच. १ राजे १८:१९ मधले राणी ईजबेलच्या मेजावर खाणारे संदेष्टे म्हणजे सरळसरळ तिचे पोसलेले. उत्पत्ती ४३:३२ मध्ये योसेफाचे पान वेगळे, भावांचे वेगळे, मिसऱ्यांचे वेगळे; पंक्तिभेद ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तिथे टीप लागत नाही.

न खाणे हाही नोंदवायचा प्रकार. मूल नसलेली हन्ना रडते आणि खात नाही (१ शमुवेल १:७); १८ व्या वचनात ती खाते, आणि मूल अजून दूर आहे. निर्णय तिथे लागलेला आहे. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल या ज्यू समाजात ज्यू पंचांगातल्या आब महिन्याच्या ९ तारखेच्या उपासाला 'बिरड्याचा सण' असे नाव पडले, उपास सोडताना वालाचे बिरडे खायचे म्हणून. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा तर मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात चित्रांसह १८७४ साली छापली गेली.

शेजारची क्रियापदेही नोंदवा. 'ताआम' म्हणजे चाखणे (स्तोत्र ३४:८). 'बाला' म्हणजे गिळणे, आणि ते खाण्याहून वेगळे: जमीन मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाच्या मंडळींना गिळते, मासा योनाला गिळतो. यशया २५:६–८ मध्ये सर्व राष्ट्रांना डोंगरावर मेजवानी आहे, आणि त्या मेजवानीत देव मृत्यूला गिळतो. यशया ५:१४ मध्ये तोंड पसरून बसलेली मृतांची जागा होती, तिच्यावरच हे उलटले आहे.

हमखास होणाऱ्या चुका

सारखी दिसणारी मुळे. निर्गम ३३:३ मध्ये देव म्हणतो, वाटेत मी तुम्हाला संपवीन, 'अखेल्खा'. दिसायला अगदी आखाल, पण मूळ 'काला', संपवणे. ५ व्या वचनात तेच क्रियापद उघड रूपात येते, तिथे खात्री करून घ्या. क्रमांक न पाहता कानावर भिस्त ठेवली की इथे हमखास फसगत होते.

वचनांचे आकडे. हिब्रू पाठात स्तोत्राचे शीर्षक बरेचदा पहिले वचन असते, म्हणून 'माझी भाकर खाणाऱ्याने माझ्यावर टाच उचलली' हे मराठीत ४१:९ आणि हिब्रूत ४१:१०. जांघेची शीर न खाण्याचे वचन मराठीत उत्पत्ती ३२:३२, हिब्रूत ३२:३३. संदर्भ जुळला नाही तर एक वचन पुढे-मागे पाहा.

लेहेमचा अर्थ दर वेळी भाकर करणे. 'लेहेम खाणे' म्हणजे बहुतेकदा नुसते जेवणे. योसेफाला खड्ड्यात टाकून भाऊ लेहेम खायला बसतात (उत्पत्ती ३७:२५), तिथे भाकरीत काही शोधू नका, शोधायचे ते 'बसले' या शब्दात. 'लाहाम' म्हणजे लढणे, हे लेहेमसारखे दिसते म्हणून त्यातून प्रवचन काढण्याचा मोहही आवरा.

अरामी भाग. एज्रा ४:१४ मधले अधिकारी राजाला लिहितात की राजवाड्याच्या मिठाशी आम्ही बांधलेले आहोत. खाल्ल्या मिठाला जागणारे मराठी मन तिथे लगेच 'खाणे' घालते, पण मुळात 'राजवाड्याचे मीठ आम्ही मीठले आहे' अशी रचना आहे. खाण्याचे क्रियापद नाही, म्हणून वहीत ते घेऊ नये. उलट दानीएल ३:८ आणि ६:२४ मध्ये ३९९ क्रमांक आहे आणि अन्न नाही: 'अखालू कर्त्सेहोन', त्यांचे तुकडे खाल्ले, म्हणजे चहाडी केली. हिंदीत चुगली खातातच. या दोन्ही वचनांत मराठीत आरोप किंवा दोष ठेवणे असे काही येते, त्यामुळे मराठीवरून शोधणाऱ्याला ती कधीच सापडत नाहीत. ६:२४ मध्ये तर ज्यांनी दानीएलाचे तुकडे खाल्ले त्यांना सिंहांच्या गुहेत टाकतात, आणि ते तळाला पोचण्याआधीच सिंह त्यांची हाडे चुरतात.